तोंडचा घास

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. धाकट्या बहिणीच्या नवऱ्यावरचा तर अजून गेलेला नाही, आणि तो जाऊ नये म्हणून मी त्याला वेळच्या वेळी खतपाणी घालत असते.

हा माणूस व्यवसायाने निवेदक. लोकांच्या समारंभात माइक धरून उभं राहायचं, हसायचं, आणि ज्यांना सकाळपर्यंत ओळखतही नव्हता त्यांच्याबद्दल गळा दाटून बोलायचं. आवाज मधाळ, दात एका ओळीत. एके दुपारी धाकटी कामावर असताना त्याने बॅग भरली आणि संध्याकाळी फोन करून तिला सांगितलं, की मला जरा श्वास घ्यायला मोकळी जागा हवी आहे. ती मोकळी जागा लग्नाच्या हॉलमध्ये फुलांची सजावट करते, हे आम्हाला पुढे कळलं. धाकटी मुलीला घेऊन माझ्याकडे राहायला आली. माझ्या दोन खोल्या, त्यात आम्ही तिघी. धाकटी बसपासच्या खिडकीत बसते. दिवसभर काचेच्या अलीकडून पास देते आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसते. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने त्याला एकदाही शिवी दिली नाही, म्हणून तिच्या वाटच्याही मलाच द्याव्या लागल्या.

तिची मुलगी दुसरीत आहे. नाक एवढंसं, म्हणून आम्ही तिला बटण म्हणतो. गेल्यानंतर हा गृहस्थ बटणला भेटायला एकदाच आला, तोही दारापर्यंत. गाडी खाली उभी होती म्हणे. त्याच्या हातात प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा होता, डब्यात बोटभर पाणी, प्लॅस्टिकचं एक झाड आणि झाडाखाली कासवाचं पिल्लू. नुकतंच अंड्यातून आलेलं, पाठ नाण्याएवढी. बटणच्या हातात डबा, डोक्यावर टपली, "बाबाची आठवण म्हणून सांभाळ हं," आणि स्वारी जिना उतरली. बाप गेला आणि बदली कामगार पाठवला.

पिल्लू खाईना. दुकानातून आणलेले दाणे तसेच फुगून तळाशी बसायचे. बटणने त्याला बशीत काढून पुढे दाणे ठेवले, पानाचा तुकडा ठेवला, उकडलेल्या अंड्याचा कण ठेवला. ते मान आत घेऊन बसायचं. मी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. फुकट राहतो, रुसून बसतो आणि पुढ्यात वाढलेल्याला तोंड लावत नाही, मग दुसरं काय म्हणायचं? धाकटीला त्या दिवशी जरा हसू आलं. बटणला मात्र आलं नाही. तिने बापाला फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

"खात नाही? अगं वेडे, त्याला माझ्या हाताची सवय आहे. मी आलो की बघ कसं मटामटा खाईल. आणि नाहीच खाल्लं, तर मी रविवारी येतोच. बघतो ना त्याच्याकडे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिल्लू त्याने आणून दिलं त्याच सकाळी विकत घेतलं होतं, दुकानाची पिशवी मी डोळ्यांनी पाहिली होती. दुकानापासून आमच्या दारापर्यंत जेवढी सवय लागेल तेवढीच काय ती लागलेली. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. बटण रविवारी आंघोळ करून, केस विंचरून, डबा मांडीवर घेऊन खिडकीत बसली. दुपारी फोन आला, की अचानक कार्यक्रम लागला, पुढच्या रविवारी नक्की. पुढच्या रविवारीही ती तशीच बसली, आणि त्या दिवशी फोनसुद्धा आला नाही. ती जेवायला उठेना. म्हणाली, "ते खात नाही तर मी कशी खाऊ?"

मग मला या प्रकरणातली खरी मेख कळली. पिल्लू मेलं, तर ही पोरगी जन्मभर म्हणणार, बाबा आला असता तर ते जगलं असतं. म्हणजे ते मेलं तरी मोठेपणा बाबाचाच. ते जगायला हवं होतं, आणि त्याच्याशिवाय जगायला हवं होतं. मला त्या जिवाची दया आली असं मी म्हणणार नाही. मला त्या माणसाला हरवायचं होतं, आणि हरवायला माझ्याकडे तेवढं एकच पिल्लू होतं.

मी दात बनवते. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यामागे एक खोली आहे, तिला आम्ही लॅब म्हणतो. डॉक्टरबाई रोग्याच्या तोंडाचं माप घेतात, मी त्या मापात प्लास्टर ओतून साचा काढते आणि साच्यावर मेणाने दात घडवते; पुढे त्याचे पक्के दात होतात. कॅप, ब्रिज, कवळी, सगळं. आमच्या कामात दात बसत नसेल तर दाताला नावं ठेवून भागत नाही. साच्यात काय चुकलं ते बघावं लागतं. म्हणून मी पिल्लाला समजावणं सोडलं आणि डबा तपासायला घेतला.

पहिलं म्हणजे पाणी गार होतं. नळाचं सरळ ओतलेलं. ज्याचं अंग पाण्याइतकंच गार राहतं त्याला भूक लागणार कुठून? मी लॅबमधला साचे वाळवायचा जुना दिवा घरी आणला, डब्याऐवजी मोठं घमेलं घेतलं, एका बाजूला सपाट दगड ठेवला आणि त्यावर दिवा सोडला. पाणी मनगटाला कोमट लागेल एवढंच तापवायचं. दुसरं म्हणजे आम्ही तिघी त्याच्यावर डोकी घालून बसायचो. आपण जेवताना छपराएवढी तीन तोंडं वरून बघायला लागली, तर आपल्याला तरी घास जाईल का? मी टॉवेल आडवा टांगला आणि सगळ्यांना हाकललं. "बटण, त्याला रागवायचं नाही, आग्रह करायचा नाही. ऊब द्यायची आणि गप्प बसायचं. पाणी गार झालं की ते खाणार नाही, एवढं लक्षात ठेव." बटणने मान हलवली. पोरगी हुशार आहे, एकदा सांगितलेलं विसरत नाही.

पिल्लू हातपाय ताणून दगडावर बसायला लागलं. पण घास काही जाईना.

त्याच आठवड्यात लॅबमध्ये एक साचा आला. साच्यावर नाव नसतं, आकडा असतो. पण मला आकडा लागत नाही. माणसं चेहऱ्यावरून ओळखतात, मी जबड्यावरून. वरचा डावा सुळा किंचित आत वळलेला, दाढेचा कोपरा उडालेला, आणि समोर दोन दातांची जागा रिकामी. त्यातल्या एका दाताला मी स्वतः कॅप घडवली होती, धाकटीच्या लग्नाआधी, जावयाचं हसू फोटोत चांगलं यावं म्हणून. डॉक्टरबाई म्हणाल्या, "निवेदक आहे गं. स्टेजवर पाय अडखळला आणि माइकवर तोंड आपटलं. जरा लवकर दे, त्याचं पोट तोंडावर आहे."

बायको सोडली, पण बायकोच्या बहिणीने गाठून दिलेली दातांची डॉक्टर नाही सोडली. आणि मागच्या खोलीत मी बसते हे त्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं. लक्षात असून तो आला असता, तर निर्लज्ज म्हणून सोडून दिलं असतं. विसरला, हे मला जास्त लागलं.

मी ब्रिज सुंदर केला, दोन नवे दात आणि आधाराला शेजारच्या दातांवर, त्या सुळ्यावरही, टोप्या. रंग असा जुळवला की आईलाही खोटा वाटू नये. फक्त त्या आत वळलेल्या सुळ्याच्या मागच्या अंगाला, जिभेकडच्या बाजूला, केसाच्या जाडीएवढं जास्त ठेवलं. दात सरळ मिटले की काही जाणवत नाही. बोलता येतं, हसता येतं. पण माणूस सरळ दात मिटून जेवत नाही. चावताना जबडा आडवा फिरतो, आणि फिरला की तिथे अडकतो. दर घासाला ठेच. दोन दिवसांत कानशिलं ठणकायला लागतात. डॉक्टरबाई निळा कागद चाववून, दात कुठे जास्त टेकतो त्याचा डाग बघून तपासतात, पण तोंडाला भूल दिलेली असते, रोग्याला काही कळत नाही, आणि माझ्या कामावर त्यांचा भरवसा. म्हणायच्या, "तुझ्या कामाला दोनदा कागद लावायचा म्हणजे तुझा अपमान." त्या भरवशाचं मला त्या दिवशी काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, शीळ घालत घरी आले.

घरी आल्यावर बघते तर बटणने कुंडीतलं बारीक गांडूळ खणून ठेवलेलं. मी त्याचा तुकडा लॅबच्या चिमट्यात धरून दगडावरच्या पिल्लापुढे हलवला. आणि काय सांगू, जावईबापूंनी मान लांब केली, तुकडा तोंडात धरला, धरून ठेवला, पण गिळेनात. शेवटी सोडून दिला. तुकडा घरंगळून पाण्यात गेला, त्यामागून पिल्लूही पाण्यात उतरलं, आणि पाण्याखाली त्याने तोच तुकडा पकडून गपकन गिळला.

मी कपाळावर हात मारला. पाण्यातलं जनावर ते, त्याला कोरड्यावर गिळताच येत नव्हतं! आम्ही इतके दिवस त्याला बशीत वाढत होतो आणि खात नाही म्हणून बोल लावत होतो. मी दुसरा तुकडा चिमट्याने पाण्याखाली धरून जिवंत असल्यासारखा हलवला. तोही गेला. तिसराही.

"बघ! बघितलंस?" मी ओरडले. "कुणाच्या हाताची सवय नि काय! चिमट्याने खातंय, चिमट्याने!"

धाकटी टॉवेलमागून डोकावली आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसली. बटण हसली नाही. तिने घमेल्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, आणि म्हणाली, "म्हणजे आता ते रोज खाणार का?"

मला वाटलं, पोरीला आनंद झाला तरी कळत नाहीये. मी माझ्याच विजयात होते. त्या संध्याकाळी कांदा चिरता चिरता मी धाकटीला ब्रिजचं सगळं सांगितलं. बटण तिथेच पाढे लिहीत होती. लिहीत होती म्हणजे ऐकत नव्हती, असं आपण मोठी माणसं धरून चालतो.

धाकटी म्हणाली, "ताई, हे काय केलंस? ज्याचं त्याच्यापाशी."

"तुझं तुझ्यापाशी काय राहिलं ते सांग आधी."

"त्याच्या हालांनी मला काय मिळणार? आणि तो बटणचा बाप आहे. आपलेच दात नि आपलेच ओठ."

"माझे नाहीत. मी घडवलेत, पण माझे नाहीत. तू बघच गं. आज घास जात नाही, उद्या कसा धावत येईल! खाता येईना की माणूस जागेवर येतो. सगळे झक मारत येतात."

धाकटी उठून बाहेरच्या खोलीत गेली. मी कांदा चिरत राहिले.

पुढचे काही दिवस माझे फार चांगले गेले. डॉक्टरबाईंनी सांगितलं, की तो निवेदक तक्रार घेऊन आला होता, कानशिलं दुखतात म्हणतो, पातळ पेजेवर आहे. त्यांनी जरा घासून बघितलं, पण भलत्याच जागी. मी साळसूदपणे म्हटलं, नवीन दात आहेत, सवय व्हायला वेळ लागतो. सवय हा शब्द उच्चारताना मला गोड खाल्ल्यासारखं वाटलं.

पण घरी जावईबापूंनी पुन्हा तोंड मिटलं. मी चिमटा हलवून हलवून थकले. आधी एक-दोन दिवस गेले, मग ते पोहेनासंही झालं, मान आत घेऊन कोपऱ्यात पडून राहायचं. मी पाणी बदललं, दिवा बदलला, दुकानदाराला भेटून आले. तो म्हणाला, "बाई, सगळं बरोबर करताय. लहान जीव आहे, जगला तर जगला." बटण शाळेतून आल्यावर त्याच्यापाशीच बसलेली असायची. इतकी काळजी करते बिचारी, असं मी धाकटीला म्हटलंही.

एके दुपारी लॅबमध्ये वीज गेली, दात भाजायची भट्टी जनरेटरवर चालत नाही, म्हणून मी लवकर घरी आले. दार लोटलेलं होतं. बटणची पाठ माझ्याकडे होती. दिवा बंद होता. तिच्या हातात फ्रीजमधला बर्फाचा ट्रे होता आणि ती एक एक खडा घमेल्यात सोडत होती. हळूच, आवाज होऊ नये असा.

मी हात उगारला. लहानपणापासून मी तिला कधी बोट लावलेलं नाही, पण त्या दिवशी हात वर गेला होता. ती वळली. ती घाबरली नाही, हेच मला आठवतं. तिने मला नीट समजावून सांगितलं, आपण वर्गात उत्तर देतो तसं.

"मावशी, तूच म्हणालीस ना, पाणी गार असलं की ते खात नाही? आणि बाबा म्हणाला, खाल्लं नाही तर येईन. मग ते खायला लागलं तर तो कशाला येईल?" मग जरा थांबून म्हणाली, "मी मारत नाहीये त्याला. तो आला की मी लगेच गरम पाणी घालणार आहे. तू पण बाबाला असंच केलंस ना, तो धावत यावा म्हणून?"

माझा हात तसाच वर राहिला. मारणार कुणाला? जे मी लॅबमध्ये कौतुकाने केलं तेच ती घरात करत होती. माझं कसब तिने माझ्याकडूनच उचललं होतं. फरक एवढाच, की मी ते एका मस्तवाल पुरुषावर चालवलं आणि तिला हाताशी नखाएवढं पिल्लू मिळालं. मला माझी इतकी शिसारी कधी आली नव्हती.

पिल्लू बाहेर काढलं तर डोळे मिटलेले, मान लोंबती. मी त्याला तळहातात धरून बसले, एकदम गरम करायचं नसतं एवढी अक्कल होती. बऱ्याच वेळाने एक पाय हलला. बटण शेजारी बसून म्हणत राहिली, "मरणार नाही ना? मावशी, मरणार नाही ना?" मी तिला थाप मारली नाही. मला माहीत नाही, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. घरीही वीज जाईल या भीतीने मी पिल्लाला आणि बटणला दोघांनाही लॅबमध्ये नेलं. तिथे दवाखान्याचा जनरेटर आहे. प्लास्टर कालवायच्या रबरी वाडग्यात कोमट पाणी घातलं, वर दिवा लावला. पिल्लाने डोळे उघडले होते, पण काही खाल्लं नव्हतं. बटण स्टुलावर बसून वाडग्याला दोन्ही हात लावून राहिली.

तेवढ्यात डॉक्टरबाई आत आल्या. "तो निवेदक आलाय पुन्हा. बेजार झालाय. तू एकदा बघ बाई."

आणि मी काय म्हटलं ते ऐका. पश्चात्ताप झालेल्या बाईने म्हटलं असतं, ब्रिज द्या, नीट करते. मी म्हटलं, "ब्रिज तात्पुरत्याच सिमेंटवर आहे, काढून घ्या आणि त्यांना इकडेच पाठवा. मला समोर बसवून बघावं लागेल." बटण तिथे बसली आहे, हे मला दिसत होतं. तो बिनदातांचा, ओशाळा, तिच्यासमोर यावा असंच मला वाटत होतं. एका दिवसाची शिसारी माझ्या रागाला पुरी पडली नव्हती.

तो तोंडावर रुमाल धरून आला. "ताई? तुम्ही? तुम्ही इथे असता?"

"लग्नाआधीपासून," मी म्हटलं. "बसा."

मग त्याला बटण दिसली. रुमाल खाली आला, त्याने हसायचा प्रयत्न केला, आणि हसताना समोर नुसतं भोक दिसलं. गाल बसले होते. तो मधाळ आवाज त्या भोकातून शिट्टी मारत बाहेर पडत होता. त्याने घाईघाईने रुमाल पुन्हा वर घेतला.

"बाबा," बटण म्हणाली. ती स्टुलावरून उतरली आणि वाडगा दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढे धरला. "हे बघ."

"अरे वा, अरे वा," तो म्हणाला. त्याची नजर माझ्या हातातल्या ब्रिजवर होती. "ताई, लगेच होईल ना? संध्याकाळी कार्यक्रम आहे हो. मोठी मंडळी येणार आहेत."

बटण वाडगा धरून उभी राहिली. वाडगा कलला, पाणी काठावरून तिच्या फ्रॉकवर सांडलं. तो भिंतीवरच्या आरशाकडे वळला होता आणि बोटाने वरचा ओठ उचलून हिरडी बघत होता. आरशातच बघत त्याने विचारलं, "खातो का गं मग तो आता?"

मी बटणकडे बघितलं. तिला फक्त नाही म्हणायचं होतं. खरं होतं तेच सांगायचं होतं. इतके दिवस तिने ज्यासाठी खिडकी धरली, बर्फ सोडला, तो बाप तिच्यापासून हातभर अंतरावर होता. तिने त्याच्या पाठीकडे बघितलं, मग आरशातल्या त्याच्या उघड्या तोंडाकडे.

"खातंय," ती म्हणाली. "छान खातंय. तू नाही आलास तरी चालेल."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" त्याने आरसा न सोडता तिच्या डोक्यावर टपली मारली.

हे वाक्य तिने त्याला ऐकवावं म्हणून मी इतके दिवस दात-ओठ खात होते. ते बोलून झालं, त्याला लागलंसुद्धा नाही, आणि मला मात्र खोलीतून उठून जावंसं वाटलं. त्याच्यावर उगारलेलं सगळं त्या पोरीने झेललं होतं. ती वाडगा घेऊन पुन्हा स्टुलावर चढली, पाठ आमच्याकडे करून.

मी सुळ्याची मागची बाजू घासली. पुन्हा पुन्हा कागद लावला, आडवा चावायला लावलं, उजवीकडे, डावीकडे, एकही निळा डाग उरू दिला नाही. आयुष्यात इतकं चोख काम मी केलेलं नसेल. दयेने केलं नाही. त्याला इकडे परत यायला एकही निमित्त राहू नये म्हणून केलं. मग डॉक्टरबाईंना गाठून सुळ्याचं सगळं सांगितलं, जास्त कुणी ठेवलं आणि का ठेवलं तेही. त्यांनी ब्रिज पक्क्या सिमेंटने बसवला, आणि तेव्हापासून त्या माझ्या प्रत्येक कामाला दोनदा कागद लावतात.

तो हसत बाहेर पडला, दात एका ओळीत. दारातून म्हणाला, "बटण, रविवारी येतो हं." बटणने मान वळवली नाही.

गाडीचा आवाज गेल्यावर ती म्हणाली, "मावशी, मी खोटं बोलले."

"हो."

"ते खात नाहीये."

"नाही खात."

ती वाडग्याकडे बघत राहिली. नाक ओढलं, फ्रॉकच्या ओल्या घोळाने पुसलं. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तर तिने तो बाजूला केला आणि आपला तळवा माझ्यापुढे उघडला.

"चिमटा दे," ती म्हणाली. "आता ते खरं करायला लागेल."